पोथीच्या पाटावर परमुलखाची गोष्ट

शाळांना सुट्ट्या लागल्या, की विट्याच्या एस.टी. स्टँडवर एक गंमत ऐकायला मिळते. आजोबा पांढऱ्या टोपीतले, नातवंडांची नावं अस्सल मराठी, आणि नातवंडांची आपसातली भांडणं मात्र तमिळमध्ये. कुणाची मल्याळममध्ये, कुणाची तेलुगूत. आजोबांकडं वळली की मराठी, एकमेकांकडं वळली की पुन्हा तिकडची भाषा. बाहेरगावचा माणूस ऐकतच राहतो. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागात ज्या गावातली दोन-चार घरं तरी गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेली नाहीत, असं गाव शोधावंच लागेल.

धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. सोनाराकडची मोड घ्यायची, दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा घ्यायची, मुशीत घालून भट्टीवर गाळायची, तेजाबात शुद्ध करायची आणि चोख सोनं ज्याचं त्याला परत करायचं. इकडं पाऊस दगा देत गेला, जिराईत रान पोटाला पुरेना, तेव्हा आपली माणसं हातातल्या या कसबावर देशभर पांगली. भांडवल म्हणाल तर एकच, विश्वास. ज्याची भाषा येत नाही, ज्याचं गाव नकाशात कुठं आहे हे माहीत नाही, अशा पोराच्या हातात तिकडच्या सोनारानं सोनं ठेवलं आणि तो रात्री निर्धास्त झोपला. आज इकडं माळावर जे स्लॅबचे बंगले दिसतात, ते त्या झोपेवर उभे आहेत.

आता दुसरी बाजू बघा. सोयरिकीची बैठक बसलेली असते. पोरगी शिकलेली, कामाची, दिसायला नीटस. सगळं जुळत आलेलं असतं आणि कोपऱ्यातून कुणी तरी आत्याबाई म्हणतात, "पोरगी चांगली हाय वो, पण तिकडं वाढल्याली हाय. आपल्यात रुळंल का?" झालं. बैठक थंड पडते. पोरगी आपल्याच भावकीतली, बापाचं रेशनकार्ड इथलं, कुलदैवत खरसुंडीचा सिद्धनाथ. पण तिच्या अंगाला जणू तिकडचं काही तरी लागलंय. काय लागलंय, ते कुणालाच सांगता येत नाही.

ज्या माणसांच्या सोन्यावर आपली दोन पिढ्यांची भाकरी चालली, त्यांच्याविषयी आपल्याला काय माहीत आहे? इडली, लुंगी, नारळाचं तेल आणि "मद्रासी" हा एक शब्द. चार-पाच राज्यं, तितक्याच भाषा आणि हजारो वर्षांचं लिहिणं-वाचणं, सगळं त्या एका शब्दाच्या पोत्यात भरून आपण तोंड शिवून टाकतो. मग तिकडच्या कुणी आपल्या पोराला सरसकट "हिंदीवाला" म्हटलं, तर आपण कोणत्या तोंडानं रागवायचं?

तुम्ही म्हणाल, यावर उपाय काय? तिकडं जाऊन राहायचं? जे राहतात त्यांनाही सगळं कळतं असं नाही. भट्टी, दुकान आणि खोली एवढ्यात वीस-वीस वर्षं गेलेली माणसं आहेत. परक्या माणसाच्या स्वयंपाकघरात, त्याच्या देवघरात, त्याच्या रात्रीच्या काळजीत आपल्याला सहसा कुणी नेत नाही. तिथवर नेणारी वाट एकच मला दिसते, ती म्हणजे त्या मुलखातल्या माणसानं लिहिलेली गोष्ट. "ते लोक असे असतात" हे वाक्य दहा माणसं तुम्हाला सांगतील. गोष्ट तसं सांगत नाही. ती एक माणूस तुमच्यापुढं उभा करते, त्याची बायको, त्याचं कर्ज, त्याचा हट्ट. पुस्तक मिटल्यावर "ते लोक" म्हणायला जीभ जराशी अडखळते.

हे काही नवं खूळ नव्हे. आपल्याकडं श्रावणात पोथी लागते. एक वाचतो, दहा ऐकतात. त्यात 'भक्तविजय' ज्यांनी ऐकला असेल त्यांनी आठवून पाहावं. ताहराबादच्या महिपतीबुवांनी हा ग्रंथ १७६२ साली पुरा केला. त्यात आपले नामदेव-ज्ञानदेव आहेत, तसा काशीचा कबीर आहे, जुनागडचा नरसी मेहता आहे, राजस्थानची मीराबाई आहे, बंगाल-ओरिसाकडचा जयदेव आहे. कबीर मुसलमान विणकराच्या घरात वाढलेला. (विट्याच्या यंत्रमागवाल्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.) ज्या आज्यांनी आयुष्यात पंढरपूरच्या पलीकडचं काही पाहिलं नाही, त्यांना नरसी मेहत्याची हुंडी पाठ होती आणि तो गुजराती म्हणून कधी परका वाटला नाही. आणखी एक गोष्ट तर आपल्या मुलखाच्या अभिमानाची आहे. महिपतीबुवांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच कबूल केलंय, की या कथा त्यांनी दोघांकडून घेतल्या. एक उत्तरेकडचे नाभाजी, आणि दुसरे माणदेशातले उद्धवचिद्घन. म्हणजे परमुलखातल्या संतांना मराठी घरात आणायचं काम करणाऱ्यांत एक माणूस आपल्याच दुष्काळी पट्ट्यातला होता.

पुढच्या काळात हेच काम साने गुरुजींनी मनावर घेतलं. 'श्यामची आई' तुमच्या घरात असेलच. नसली तरी ऐकून माहीत असेल. पण गुरुजींची दुसरी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९३० च्या कायदेभंगात ते नोकरी सोडून पडले, तुरुंगात गेले, आणि सरकारनं त्यांना पार दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवलं. तिथं दक्षिणेतले सत्याग्रही सोबतीला. एकाच देशासाठी एकाच कोठडीत, आणि एकमेकांचं बोलणं कळत नाही! ही खंत गुरुजींच्या मनात घर करून राहिली. ते तिथं तमिळ शिकले. पुढं तिरुवल्लुवर या प्राचीन तमिळ कवीचा 'कुरल' त्यांनी मराठीत आणला. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचं साहित्य वाचावं, यासाठी त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली, ती याच खंतेतून.

हा 'कुरल' म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण आपल्या गलाईवाल्यांच्या पोरांना तो शाळेतच भेटतो. दोन-दोन ओळींची १,३३० पद्यं, दहा-दहांचे १३३ अध्याय. तमिळनाडूच्या सरकारी बसमध्येसुद्धा त्यातली पद्यं लिहिलेली असतात. कन्याकुमारीला गेला असाल तर विवेकानंद शिळेशेजारच्या खडकावर उभा असलेला तिरुवल्लुवरांचा प्रचंड पुतळा पाहिला असेल. तो १३३ फुटांचा आहे, अध्यायांइतक्या फुटांचा. २००० सालच्या १ जानेवारीला तो खुला झाला. आपली मंडळी त्याच्यापुढं फोटो काढून येतात आणि "कुठला तरी साधू" म्हणून सांगतात. या साधूनं शेतीवर एक अख्खा अध्याय लिहिलाय. धनी बांधावर फिरकला नाही तर जमीन रुसते, असं आपल्याकडची म्हातारी माणसं बोलतात ना, तो भाव तिथं आहे. घरसंसार आहे, पाहुणचार आहे, राजाचा कारभार आहे, नवरा-बायकोचं रुसणं-फुगणंही आहे. आणि तिरुवल्लुवर नेमके कोणत्या धर्माचे, यावर पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. सगळेच त्यांना आपलं म्हणतात. लिहिणाऱ्यानं कुठल्याच पंथाचा शिक्का मारून ठेवला नाही, त्याचा हा परिणाम.

खानापूर तालुक्यातल्या एका घरातलं सांगतो. नाव-गाव सांगायचं कारण नाही. सून तमिळनाडूत वाढलेली, शाळा तिकडचीच. लग्न होऊन इकडं आली तेव्हा सासूबाईंचा सूर एकच, "तिकडची हाय." कालवण केलं तरी तिकडचं, रांगोळी काढली तरी तिकडची. एका श्रावणात पोथी वाचणारे आबा आजारी पडले. सुनेला मराठी वाचता येत होतं, थोडं अडखळत. तिनं पोथी वाचली. वाचून झाल्यावर बायका बसल्याच होत्या, तेव्हा कुणी तरी गमतीनं म्हणालं, "आता तुझ्या तिकडचं काय तरी म्हण." तिनं शाळेत पाठ केलेले दोन-तीन कुरल म्हटले आणि अर्थ सांगितला. एक पावसावरचा होता. पाऊस म्हटल्यावर आपल्या बायका सावरून बसणारच. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हण म्हणाल्या. त्यानं सासूबाईंचं मन एकदम पालटलं, असं मी सांगणार नाही. आमटीत चिंच जास्त होते ही तक्रार अजून कायम आहे. पण त्या घरात "तिकडची" हा शब्द कमी झाला, आणि शेजारच्या एका सोयरिकीत त्याच सासूबाई तिकडं वाढलेल्या एका पोरीच्या बाजूनं दोन शब्द बोलल्या, हे मला ठाऊक आहे.

आता एवढ्यावर थांबलो तर तुम्हाला वाटेल, परमुलखातलं सगळं गोड आणि आपलंच कडू. तसं नाही. हट्ट, सोवळं-ओवळं, "शास्त्रात लिहिलंय" म्हणून माणसाला चेपणं, हे सगळीकडं आहे. परमुलखाची गोष्ट वाचायचा खरा फायदा इथंच होतो. दुसऱ्याच्या अंगणातला हट्ट आपल्याला लख्ख दिसतो, आणि तो बघता बघता ओळखीचा वाटायला लागतो.

यू. आर. अनंतमूर्ती हे कन्नड लेखक, शिमोगा भागातले. त्यांची 'संस्कार' ही कादंबरी १९६५ ची. दुर्वासपूर नावाचं ब्राह्मणांचं एक अग्रहार. तिथं नारणप्पा नावाचा माणूस मरतो. हा जन्मानं ब्राह्मण, पण सगळे नियम मोडलेला. मांस खाल्लेलं, दारू प्यालेला, चंद्री नावाच्या परजातीच्या बाईला घरात ठेवलेलं. आता प्रेताला अग्नी कुणी द्यायचा? द्यावा तर आपण बाटलो, न द्यावा तर प्रेत घरात असेतोवर कुणाला अन्न शिवता येत नाही. सगळं गाव उपाशी, प्रेत तसंच, आणि गावातला सर्वांत विद्वान माणूस, प्राणेशाचार्य, ग्रंथांची पानं उलटत बसलेला. तेवढ्यात ती चंद्री अंगावरचं सगळं सोनं काढून खर्चासाठी त्यांच्यापुढं ठेवते. सोनं दिसल्याबरोबर, मघाशी "आमच्यानं होणार नाही" म्हणणारे तेच गृहस्थ एकेक करून तयार व्हायला लागतात!

सोनं माणसाचं काय करतं हे विट्याच्या माणसाला मी सांगायला नको. मुशीत घातलं की हिणकस वर येतं. इथं त्या बाईनं सोन्यानं अख्खं गावच मुशीत घातलं. शेवटी ग्रंथात उत्तर सापडत नाही, मारुतीही कौल देत नाही, आणि रात्री चंद्रीच एका ओळखीच्या मुसलमान माणसाच्या मदतीनं प्रेताची व्यवस्था करून टाकते. गावाला पत्ताही लागत नाही. ते आपले वाद घालतच बसतात.

लेखक स्वतः त्याच ब्राह्मण घरातला, म्हणून आपल्यातली मंडळी त्याच्यावर फार चिडली. कादंबरीवर १९७० साली चित्रपट निघाला, तो आधी सेन्सॉरनं अडवला आणि पुढं त्यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला या कादंबरीत एक आवडतं. प्राणेशाचार्य वाईट माणूस नाही. सच्चा आहे, दयाळू आहे, आजारी बायकोची सेवा करणारा आहे. तरी तो अडकतो, कारण समोरच्या प्रेताकडं बघायच्या आधी तो पुस्तकाकडं बघतो. असे भले आणि अडकलेले आचार्य मी आपल्या जातपंचायतींत, भावकीच्या बैठकांत पुष्कळ पाहिले. तुम्हीही पाहिले असतील.

आणि परका मुलूख शोधायला दर वेळी कर्नाटकात किंवा तमिळनाडूत जायला हवं, असंही नाही. आटपाडी तालुक्याचंच बघा. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर आणि आटपाडीचे शंकरराव खरात. एक १९२७ चे, एक १९२१ चे. एकच माळ, एकच दुष्काळ. माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि लगेच १९८४ साली जळगावला शंकरराव खरात. एका कोरडवाहू तालुक्याला दोन वर्षं लागोपाठ हा मान! त्याच्याही आधी, १९७३ साली यवतमाळला, व्यंकटेशरावांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, ते वेगळंच.

माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. एक तरणा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, त्यांच्यात मुरत जातो, आणि शेवटी दुष्काळ वाडी रिकामी करतो. तीन वर्षांत ती इंग्रजीत गेली, तिथं तिचं नाव 'गावाला भिंती नव्हत्या' अशा अर्थाचं आहे. म्हणजे ज्यानं मेंढरू पाळलेलं घर कधी पाहिलं नाही, त्या साता समुद्रापलीकडच्या वाचकाला माणदेशी कारभारी आपला वाटला. त्यानं आपल्याला "इंडियावाले" म्हणून पोत्यात भरलं नसेल, अशी आशा करू.

खरातांचं 'तराळ-अंतराळ' १९८१ चं. हे त्यांचं आत्मचरित्र. वडील गावचे तराळ, म्हणजे गावकीची कामं करणारे महार. त्यात एक प्रसंग आहे. विहिरीत प्रेत सापडतं. ते राखायचं काम तराळाचं, आणि काढायला आत उतरायचं तेही तराळानंच. विहिरीत साप असला तरी उतरायचं. पोरगा काठावरून बघतोय. ज्या काळात गावच्या विहिरीचं पाणी त्या माणसाला शिवायची बंदी होती, त्या काळात विहिरीतलं प्रेत मात्र त्यानंच काढायचं होतं! हा काठावरचा पोरगा पुढं वकील झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

मी हे पुस्तक ज्यांना ज्यांना दिलं, त्यातल्या काहींनी परत करताना एकच वाक्य म्हटलं, "आमच्या गावात असलं काही नव्हतं हो." त्यांच्याशी मी वाद घातला नाही. गाव तेच असतं, पण वरच्या आळीतून ते एक दिसतं आणि वेशीबाहेरून दुसरं. त्या वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायचा निर्णय सरकारनं २०२० साली घेतला. पाट्या बदलतीलही. पण ओढ्यापलीकडच्या घरात काय जेवतात, कशाला हसतात, काय गिळून गप्प बसतात, हे ठाऊक नसेल तर कोईमतूरइतकीच तीही वस्ती आपल्याला परमुलूख आहे. अंतर फर्लांगभर, एवढाच फरक. शंभर-दोनशे रुपयांच्या पुस्तकात ते अंतर कुणी तरी तोडून ठेवलंय, आणि आपण म्हणतो वाचायला वेळ नाही.

वाचलं की माणूस आपोआप शहाणा होतो, असं मात्र मला म्हणायचं नाही. कपाटभर पुस्तकं वाचून दगड राहिलेले लोक असतात, आणि अक्षरशत्रू असून परक्याला पोटाशी धरणाऱ्या म्हाताऱ्या असतात. शिवाय छापलेलं सगळंच चांगलं नव्हे. दुसऱ्या धर्माची, दुसऱ्या जातीची निंदा करायलाच लिहिलेली पुस्तकंही मिळतात आणि आता तर तसला माल मोबाईलवर फुकट घरपोच येतो. मी एक साधी कसोटी लावतो. गोष्ट वाचून परक्या घरातल्या एका तरी माणसाचं नाव आणि चेहरा लक्षात राहिला तर ती गोष्ट. नुसताच राग लक्षात राहिला, तर ते दुसरंच काही तरी.

आता कामाचं बोलू. १९६७ च्या कायद्यानं गावोगावच्या मान्य वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. तुमच्या गावात असेल तर तिथं जाऊन दुसऱ्या भाषांतून मराठीत आलेली पुस्तकं मागा. मागितली नाहीत तर ते आणणार नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' नावाची माला आहे, एका भारतीय भाषेतली पुस्तकं दुसरीत, आणि किंमत परवडेल अशी. शरदबाबूंच्या बंगाली कादंबऱ्या मामा वरेरकरांनी मराठीत आणल्या, त्यांवर आपल्या आज्या रडलेल्या आहेत. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणल्या. त्या जाडजूड आहेत, पण सुगी उरकल्यावर हरकत नाही. गलाईला गेलेल्या पोराला फोनवर नुसतं "पैसे पाठव" म्हणण्याऐवजी एकदा विचारा, की बाबा रे, तुझ्या तिकडच्या शाळेत नातीला कुठली गोष्ट आहे, ती सुट्टीत आल्यावर आम्हाला सांगायला सांग. ती सांगेल, चुकत-माकत, अर्धी तमिळमध्ये.

आणि सुरुवात कशानं करायची, असं कुणी विचारलं तर प्रेमचंदांची 'ईदगाह' घ्या. एका संध्याकाळी संपते. हमीद नावाचा पोरगा, आई-बाप नाहीत, म्हातारी आजी सांभाळते. ईदच्या जत्रेला निघताना त्याच्या खिशात तीन पैसे. बाकीची पोरं खेळणी घेतात, मिठाई खातात. हा लोखंडी सामानाच्या दुकानापुढं थांबतो. घरात चुलीपुढं बसणारी जी कुणी असेल, आई, आजी, सून, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिथून पुढचं वाचा, आणि हमीदनं काय घेतलं ते तिला आधी सांगू नका.